गादी दूर गेली, कारभार थांबला नाही

आम्ही निफाड तालुक्यातल्या बचत गटाच्या बाया. गटाचा हिशेब, ठराव, बँकेच्या फेऱ्या यात आमचे दिवस जातात. इतिहासावर बोलणाऱ्या आम्ही कोण, असं तुम्हाला वाटेल. पण आज इतिहासाचंच बोलायचं आहे, आणि त्याला कारण आमच्या गटातलीच एक गोष्ट आहे.

२०२० साली टाळेबंदी लागली तेव्हाची ही गोष्ट. आमच्या सचिवताईंच्या वस्तीवर रुग्ण निघाला आणि वस्तीला बांबू लागले. गटाचं इतिवृत्त, पासबुक, शिक्का, सगळं त्यांच्या घरातल्या लोखंडी पेटीत. अध्यक्ष माहेरी गेलेल्या, त्या तिकडेच अडकल्या. बँकेत दोन सह्या लागतात आणि सह्या करणाऱ्या दोघी दोन दिशांना. त्याच आठवड्यात गटातल्या एका ताईच्या सुनेचं बाळंतपण अडलं. दवाखान्यात पैसे भरायचे होते. आमच्या गटाच्या नावावर पैसे होते, पण एक रुपया हलवता येत नव्हता. शेवटी कुणी डब्यातले, कुणी कांद्याच्या पट्टीचे असे पैसे जमवले आणि वेळ निभावली. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिल्या. पण त्या रात्री आम्हाला एक गोष्ट कळली. संकटात पैसा संपला म्हणून गट बंद पडेलच असं नाही. सही कुणी करायची हे ठरलेलं नसेल, तर भरल्या पेटीचा गटही बंद पडतो.

मग आमच्या मनात आलं, एका गटाचं असं होतं, तर अख्ख्या राज्यावर संकट येतं तेव्हा काय होत असेल? युद्ध सुरू आहे, राजा नाही, राजधानी वेढलेली आहे. तेव्हा सारा कोण गोळा करतं? तंटा कोण सोडवतं? किल्ल्यावर धान्य कोण पोचवतं?

हे सगळं आपल्या महाराष्ट्रात घडून गेलं आहे, आणि एकदोन वर्षं नाही, तब्बल अठरा वर्षं. या काळाचा अर्थ ज्यांनी नीट उलगडून सांगितला, त्यातले एक आपल्याच निफाडचे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला झाला. त्यांचं लहानपण कोल्हापुरात गेलं. १९०० साली मराठ्यांच्या सत्तेच्या उत्कर्षावरचं त्यांचं पुस्तक निघालं. हाती काही उरलेलं नसताना मराठ्यांनी बाजी कशी पालटवली, याचं एक प्रकरणच त्यात आहे. त्यांचं म्हणणं असं की हे एकट्या राजाचं काम नव्हतं. राजा नसताना उभं राहिलेल्या माणसांचं ते काम होतं. आम्ही यात थोडी भर घालतो. त्या माणसांत बायाही होत्या, आणि मोक्याच्या जागी होत्या.

आता गोष्ट सुरुवातीपासून सांगतो.

औरंगजेब बादशहा मोठी फौज घेऊन दक्षिणेत उतरला, तो परत दिल्लीला गेलाच नाही. आपल्याजवळचा दिंडोरी तालुक्यातला रामशेज किल्ला आठवा. १६८२ पासून तो चिमुकला किल्ला मुघलांशी काही वर्षं झुंजला. मग फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला संभाजी महाराज पकडले गेले आणि ११ मार्चला त्यांना क्रूरपणे ठार मारण्यात आलं. त्यांचा मुलगा, ज्याला आपण शाहू महाराज म्हणून ओळखतो, तो तेव्हा सात वर्षांचाही नव्हता. रायगडाभोवती मुघलांचा वेढा पडत होता.

गडावर येसूबाई होत्या. त्या नुसत्या महालात बसलेल्या राणी नव्हत्या. संभाजी महाराज मोहिमेवर असत तेव्हा कारभार त्या बघत. त्यांना स्वतंत्र शिक्का होता. म्हणजे सही कुणाची चालेल हे आधीच ठरलेलं होतं. आमच्या पेटीची गोष्ट आठवून आम्हाला याचं मोल जास्त वाटतं.

त्या वेळी येसूबाईंपुढे दोन वाटा होत्या. रीतीप्रमाणे गादी त्यांच्या मुलाची. आईच्या मनाने विचार केला असता तर त्यांनी मुलालाच गादीवर बसवलं असतं आणि सगळ्यांना घेऊन गडावर लढत बसल्या असत्या. पण गड पडला असता तर सगळेच एका जाळ्यात सापडले असते. म्हणून दीर राजाराम महाराज, वय वर्षं एकोणीस, यांना मंचकावर बसवलं आणि त्यांनी गडाबाहेर पडून राज्य चालवायचं ठरलं. येसूबाई मुलाला घेऊन मागे रायगडावर राहिल्या. सगळ्यांनी एका जागी राहू नये, हा सल्ला येसूबाईंचाच होता असं बखरकार सांगतात.

५ एप्रिल १६८९ रोजी राजाराम महाराज रायगडाबाहेर पडले. येसूबाईंनी गड झुंजता ठेवला. साल संपण्याआधी रायगड पडला आणि येसूबाई व छोटे शाहू बादशहाच्या कैदेत गेले. ती कैद किती वर्षांची होती ते पुढे सांगतो.

राजाराम महाराज प्रतापगड, पन्हाळा करत निघाले. सप्टेंबर १६८९ मध्ये पन्हाळ्याहून वेष पालटून दक्षिणेला गेले. बरोबर प्रल्हाद निराजी, खंडो बल्लाळ अशी मोजकी विश्वासाची माणसं. जायचं होतं जिंजीला, म्हणजे आजच्या तमिळनाडूत. शिवाजी महाराजांनी तो किल्ला आधीच घेऊन ठेवला होता. अडचणीच्या वेळी दूरची एक जागा आपली असावी हे त्यांनी करून ठेवलेलं काम आता उपयोगी पडलं.

वाटेत बिदनूरच्या राणी चन्नम्मांचं राज्य लागायचं. ते आजच्या कर्नाटकात शिवमोग्याच्या बाजूला. बादशहाची भीती सगळ्यांनाच होती, तरी चन्नम्मांनी राजाराम महाराजांना आपल्या मुलखातून सुखरूप जाऊ दिलं. त्याबद्दल औरंगजेबाने त्यांच्यावर फौज पाठवली. दुसऱ्याच्या राज्यासाठी त्यांनी हा धोका अंगावर घेतला. कर्नाटकात त्यांचं नाव आजही आदराने घेतात, आपणही घेतलं पाहिजे.

आता खरा प्रश्न पुढे आला. राजा शेकडो कोस दूर जिंजीला. मधे सगळीकडे मुघलांच्या चौक्या. पत्र पाठवलं तर पोचेल याची खात्री नाही, पोचलं तर उत्तर कधी येईल सांगता येत नाही. मग इथला कारभार कसा चालायचा?

त्यावर एक तोड काढली गेली. रामचंद्रपंत अमात्य यांना 'हुकूमतपनाह' हा किताब देऊन इकडचे पूर्ण अधिकार दिले. राजाला विचारल्याशिवाय निर्णय घ्या, माणसं नेमा, किल्ले सांभाळा, रयतेला कौल द्या. त्यांच्या जोडीला शंकराजी नारायण आणि परशुराम त्र्यंबक. लढाईच्या बाजूला संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव. म्हणजे एका माणसाच्या हाती सगळं न ठेवता कामं वाटली गेली. एकाने मावळातले किल्ले परत घ्यायचे, दुसऱ्याने पन्हाळ्याकडची बाजू बघायची, तिसऱ्याने सगळ्याचा मेळ घालायचा. पन्हाळा मुघलांनी घेतला होता, तो १६९२ मध्ये परत आला.

मैत्रिणींनो, शाळेच्या पुस्तकात आपण लढाया वाचतो. पण राज्य चालतं ते रोजच्या कामावर. त्यातलं एक काम म्हणजे कौल. फौजा गावावरून गेल्या की उभं पीक जायचं, गुरं जायची, माणसं रानोमाळ पळायची. गाव ओस पडायचं. ओस गावातून सारा येत नाही आणि साऱ्याशिवाय शिपायाला पगार नाही. तेव्हा सरकार गावाला कौल द्यायचं. कौल म्हणजे अभय देणारं पत्र. परत या, घरं उभी करा, जमीन कसा, तुम्हाला कुणी त्रास देणार नाही. पहिल्या वर्षी सारा कमी घेऊ, मग दरसाल थोडा थोडा वाढवू. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. आपल्या भाषेत सांगायचं तर कर्जाचा हप्ता बाईची ताकद बघून ठरवायचा, तसंच ते.

याच रामचंद्रपंतांच्या नावावर 'आज्ञापत्र' हा राज्यकारभारावरचा ग्रंथ आहे. तो या धामधुमीनंतर लिहिला गेला. त्यात किल्ले, आरमार, सावकार असे विषय आहेत, आणि झाडांबद्दलही आहे. आरमाराला लाकूड लागतं, पण आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात, असा त्याचा भाव आहे. अगदीच जीर्ण झाड असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन घ्यावं. अठरा वर्षांची लढाई डोळ्यांनी बघितलेला माणूस हे सांगतो आहे. शत्रू दारात आहे म्हणून रयतेचं काहीही ओढून न्यायची मुभा सरकारला मिळत नाही, हे त्याला कळलं होतं.

आता या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सगळं गोडगोड सांगितलं तर तो इतिहास होत नाही.

खजिना रिकामा होता. औरंगजेब देशमुख-पाटलांना आणि सरदारांना वतनं, मनसबी देऊन आपल्याकडे ओढत होता. माणसं फुटू नयेत म्हणून राजाराम महाराजांनाही वतनं द्यावी लागली. जो मुलूख जिंकाल त्याचं वतन तुमचं, अशी आश्वासनं दिली गेली. १६९१ सालच्या एका पत्रात घोरपडे सरदारांना रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि दिल्ली घेतल्यावर काय काय मिळेल हे सांगितलेलं आहे. दिल्लीपर्यंतची स्वप्नं बघण्याची हिंमत त्यात दिसते, हे खरं. पण शिवाजी महाराजांनी वतनदारीला आळा घातला होता, तो या काळात सुटला. सरदार लढले, राज्य वाचलं, पण मुलूख घराण्याघराण्यांत वाटला जाऊ लागला. भोर, औंध, बावडा या जहागिरी आणि संस्थानांची मुळं याच काळातल्या कारभाऱ्यांच्या घराण्यांत आहेत. संकटात दिलेला शब्द संकट संपल्यावरही फेडावा लागतो, आणि कधी कधी तो पुढच्या पिढ्या फेडतात.

दुसरं दुखणं घरातल्या भांडणाचं. संताजी आणि धनाजी या दोघांत वैर वाढलं. संताजी राजाच्या मर्जीतूनही उतरले. ज्यांच्या नावाने मुघल छावणीला धडकी भरायची, ते संताजी १६९७ मध्ये आपल्याच माणसांच्या वैरातून मारले गेले. बाहेरचा शत्रू समोर असतानाही आतली भांडणं थांबत नाहीत, हे आपण गटातही बघतो.

१६९८ च्या सुरुवातीला जिंजी पडली, पण त्याआधीच राजाराम महाराज तिथून निसटले आणि महाराष्ट्रात परतले. साताऱ्याला राजधानी झाली. दोन वर्षांतच, मार्च १७०० मध्ये, सिंहगडावर त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं तीस. औरंगजेब स्वतः साताऱ्याला वेढा घालून बसला होता. पुन्हा एकदा राजा नाही आणि राजधानी वेढलेली. बादशहाला वाटलं, आता संपलं. मागे राहिल्या त्या बायका आणि लहान मुलं.

पण मागे राहिलेल्यांत ताराबाई होत्या. सेनापती हंबीरराव मोहित्यांची लेक, वय पंचवीस, पदरी चार वर्षांचा मुलगा. त्यांनी मुलाला गादीवर बसवलं आणि कारभार हाती घेतला. पुढची सात वर्षं त्यांनी औरंगजेबाशी टक्कर दिली. एका गडावर बसून न राहता या गडावरून त्या गडावर फिरून त्यांनी कारभार केला.

त्यांची रीत साधी होती. बादशहा एकेका किल्ल्याला महिनोन्‌महिने वेढा घालायचा. किल्लेदाराने जमेल तितकं झुंजायचं, मुघलांचा पैसा, दाणागोटा, वेळ खर्च करवायचा. अगदीच टिकाव लागत नसेल तर रक्कम घेऊन किल्ला सोडायचा, आणि बादशहाची पाठ फिरली की परत घ्यायचा. इकडे बादशहा सह्याद्रीच्या पावसात अडकला, तिकडे मराठ्यांच्या फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात आणि गुजरातेत गेल्या. मुघलांच्या बाजूने इतिहास लिहिणारा खाफीखान ताराबाईंचा मित्र नव्हता. पण त्यालाही लिहावं लागलं की ही बाई हुशार होती, आणि राज्यकारभार व फौजेची तिची समज नवऱ्याच्या हयातीतच लोकांना ठाऊक होती. हे शेवटचं वाक्य आम्हाला महत्त्वाचं वाटतं. ताराबाई एका रात्रीत तयार झाल्या नाहीत. त्या आधीपासून बघत होत्या, शिकत होत्या.

या काळात सामान्य माणसाचे हाल झाले तेही विसरू नये. १७०२ ते १७०४ मध्ये दक्षिणेत दुष्काळ आणि रोगराई होती. मनूची नावाच्या इटालियन माणसाने तेव्हाच्या मरणांची भयंकर वर्णनं केली आहेत. ज्या बायांनी त्या दिवसांत चुली पेटत्या ठेवल्या, त्यांची नावं कुठल्याच कागदावर नाहीत.

३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरजवळ औरंगजेब मेला. मराठ्यांचं राज्य संपवायला तो आला होता. राज्य राहिलं, तो गेला.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण कैदेतून शाहू महाराज सुटून आले आणि गादी कुणाची हा प्रश्न उभा राहिला. ताराबाईंचं म्हणणं, हे राज्य आम्ही राखलं. शाहूंचं म्हणणं, थोरल्या घराण्याचा हक्क माझा. १७०७ मध्येच खेडला लढाई झाली, शाहू जिंकले, आणि पुढे सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. यात खरं कुणाचं, यावर जाणकार आजही दोन बाजूंनी बोलतात. आम्ही न्याय करायला बसलेलो नाही. आम्हाला एवढंच दिसतं, की संकटात अधिकार कुणाला द्यायचा हे ठरलं होतं, पण संकट सरल्यावर तो कुणी कुणाकडे परत द्यायचा हे ठरलेलं नव्हतं.

आणि येसूबाई? मुलगा सुटला तरी त्या कैदेतच राहिल्या. त्या १७१९ मध्ये परत आल्या. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं. राज्याला श्वास घ्यायला वेळ मिळावा म्हणून त्या मागे थांबल्या होत्या. त्याची एवढी किंमत त्यांनी मोजली.

असं जगात इतरत्रही झालं आहे. १९४० मध्ये जर्मन फौजा नेदरलँडमध्ये घुसल्या तेव्हा तिथल्या राणी विल्हेल्मिना लंडनला गेल्या. त्यांचं सरकार तिथून चाललं आणि राणी रेडिओवरून आपल्या लोकांशी बोलायच्या. लोक लपून ऐकायचे. रेडिओवर बोलताना आम्हाला त्यांची आठवण येते.

आपल्या जिल्ह्यातलंही एक उदाहरण आहे. १९६२ मध्ये चीनने हल्ला केला आणि देशात पहिल्यांदा आणीबाणी जाहीर झाली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. लोकसभेवर ते १९६३ मध्ये आपल्या नाशिकमधून बिनविरोध निवडून आले. इकडे मुख्यमंत्री झाले मारोतराव कन्नमवार. वर्षभरात पदावर असतानाच त्यांचं निधन झालं. काही दिवस बाळासाहेब सावंतांनी काम पाहिलं, मग वसंतराव नाईक आले. एक माणूस गेला, दुसरा आला, तरी तलाठ्याचं दप्तर बंद पडलं नाही. कारण कुणानंतर कोण, कुठल्या रीतीने, हे कायद्यात लिहिलेलं होतं. १७०७ मध्ये जे नव्हतं ते आता आपल्याकडे आहे. आपल्या तालुक्यातला ओझरचा विमान कारखानाही त्या युद्धानंतरचाच, १९६४ सालचा.

आता परत आमच्या लोखंडी पेटीकडे येतो. टाळेबंदी उठल्यावर पहिल्या बैठकीत आम्ही चार ठराव केले. इतिवृत्ताची आणि हिशेबाची एक प्रत दर महिन्याला दुसऱ्या वस्तीवरच्या ताईकडे ठेवायची. बँकेत सहीचा अधिकार तिघींना, त्यातल्या कोणत्याही दोघींच्या सहीने व्यवहार, आणि तिघी तीन वस्त्यांवरच्या. दर बैठकीला एका नव्या ताईने इतिवृत्त लिहायचं, म्हणजे लिहिणारी एकटीच राहणार नाही. आणि चौथा ठराव, अडचणीत एखादीला जादा अधिकार दिला तर तो किती दिवसांचा हे त्याच वेळी लिहायचं. मुदत संपली की अधिकार गटाकडे परत.

चौथ्या ठरावावर बैठकीत वाद झाला. एक ताई म्हणाली, "आपल्याच बाईवर एवढा अविश्वास कशाला?" त्यावर आमच्यातल्या सगळ्यात वडील मावशी म्हणाल्या, "अगं, अविश्वास नाही. उद्या तिच्याशी भांडायला लागू नये म्हणून लिहायचं." ठराव मंजूर झाला.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तुम्हीही एकमेकींना तीन प्रश्न विचारा. आपली पेटी कुणाच्या घरी आहे? ती ताई महिनाभर नसली तर सही कोण करेल? आणि ती परत आल्यावर कारभार तिच्याकडे कसा जाईल? उत्तरं इतिवृत्तात लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. आणि ते लिहिताना येसूबाई, चन्नम्मा, ताराबाई यांची नावं घरातल्या मुलींना सांगा.

आता आम्ही थांबतो. नमस्कार.